पातळ पाकीट

ता. ४ मे

चि. खारूताईस,
आजीचे आशीर्वाद दोन. एक तुला, एक आत बसून ऐकतंय त्याला.

तुझं पत्र पोचलं. टपालवाली म्हणाली, आजी, आज तर पुस्तकच आलंय. मी म्हटलं, माझ्या नातीला सांगायला खूप असतं. फोनवर मला नुसतं गुंई ऐकू येतं, म्हणून तुझी पत्रं ही माझी चैन. एवढी पानं मी शाळेतसुद्धा वाचली नसतील, आणि शाळेत होते तरी किती, दुसरीतनं काढलं. तू केलेला चष्मा लावला नि सगळं वाचलं. ते गिऱ्हाईक चष्मा उलटा घालून तुमच्या दुकानात भांडायला आलं, ते तर दोनदा वाचलं. मांजर मांडीवर होतं, तेही ऐकत होतं. हसलं नाही पण.

पणजी होणार म्हणून माझे पाय जमिनीला लागत नाहीत. जिन्यात भेटेल त्याला सांगते. वरच्या मजल्यावरचा शिंपी आता मला बघितलं की आपणच म्हणतो, हो आजी, माहीत आहे.

झोप येत नाही म्हणतेस, त्यात काय. पोटुशीला कुठे धड झोप येते. बाळ आत्तापासून सवय लावतंय तुला. मीही म्हातारपणाने जागीच असते. तू लिही, मी वाचते, दोघींचा वेळ जातो. पुढचं याहून जाड येऊ दे.

कमी लिहिलंस तर बोलणार नाही, एवढा लोभ आहे.
तुझी आजी


ता. १९ मे

ती. आजीस,
सा. न. वि. वि.
हे पत्र दुकानात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, म्हणून छोटं. रागावू नकोस.

मागच्या आठवड्यात काच घासताना मला डुलकी लागली, बोट चाकात जाता जाता वाचलं. डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं, पोटुशीला झोप येतच नाही असं आजी म्हणते. त्या म्हणाल्या, थोडी मोडणारच, पण रोजच अशी जाग बरी नाही. आत्ता झोप सुधारली तर बाळ झाल्यावर मन खचण्याची भीती कमी होते. अजिबात जाते असं नाही, कमी होते. मग त्यांनी मला झोपेचे उपचार करणाऱ्या नर्सकडे पाठवलं. आम्ही तिला झोपताई म्हणतो.

तिचे नियम सोपे आणि दुष्ट. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं. डोळे जड झाल्याशिवाय पलंगावर जायचं नाही. पडूनही झोप नाही आली तर उठून खुर्चीत बसायचं. काळज्या संध्याकाळीच करून टाकायच्या. आणि पलंगावर झोपेशिवाय काही म्हणजे काही करायचं नाही. आजी, तुला आलेलं प्रत्येक पान मी पलंगावर उशीला टेकून लिहिलेलं आहे.

घरात आधी बाळंतपणानंतर कुणाचं मन खचलं होतं का, असं तिने विचारलं. आई बरोबर होती. तिने सांगितलं, माझं खचलं होतं, हिच्या वेळी. सगळे बाळाला बघायला यायचे, आजी, तू मला मांडीवर घेऊन हसत असायचीस, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तुला झोप लागते का, असं तिला कुणी विचारलं नाही. सांगताना ती रडली नाही, आवाजही चढला नाही. तुला कळवावं असं वाटलं.

पत्र पातळ झालं तरी माया जाडच ठेव.
तुझी खारू


ता. २७ मे

चि. खारूस,
आशीर्वाद, जरा फुगलेले.

टपालवालीने पाकीट उजेडात धरून बघितलं, आत काही आहे ना म्हणून. मला मेलं लाजल्यासारखं झालं.

तुझी झोपताई शहाणी असेल, पण तिला आजी नसणार. मी काय म्हणते, आठवडाभर तिचं ऐक, रविवारची एक रात्र मला दे. एका रात्रीने कुणाचं काय बिघडतं.

शिंप्याने मांजराला चिंध्यांची गादी करून दिली, ते तिच्यावर बसत नाही. नळ गळत होता तो नीट झाला. जिन्यातला दिवा गेलाय. तुझ्या आईचं लिहिलंस ते वाचलं. नळाचं बरं झालं, रात्रंदिवस टपटप चालायचं.

रविवारची वाट बघते. लोभ हट्टी आहे, चालवून घे.
तुझी आजी


ता. ११ जून

ती. आजींना,
नातजावयाचा नमस्कार.
मी बस चालवणारा माणूस, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

खारूने रविवारी लिहिलेलं जाड पत्र तुम्हाला मिळालं असेल. ते संपलं तेव्हा माझी पहिल्या फेरीला निघायची वेळ झाली होती. त्याआधी नुकती कुठे तिला झोप लागू लागली होती. त्या रात्रीनंतर सगळी घडी विस्कटली. परवा ती दुकानात गिऱ्हाइकासमोर रडली, आणि का रडलीस तर तिला सांगता येईना. झोपताई रागावली नाही, म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. पण हातात आता दोनच महिने आहेत.

तुम्हाला नाही म्हणणं तिच्याने होत नाही, म्हणून तिच्या नकळत मी लिहितो. तिचंही तिच्या आईसारखं होईल, अशी मला भीती वाटते. तुमचा जीव तिच्यावर किती आहे हे माहीत आहे, त्याच्याच जोरावर धीर केला.

राग आलाच तर माझ्यावर काढावा.
तुमचा नातजावई


ता. १८ जून

चि. खारूस,
आजीचे आशीर्वाद.

तुझं जाड पत्र आलं, पण अर्धंच वाचून ठेवलं. अलीकडे डोळे दुखतात गं, फार अक्षर झालं की पाणी येतं. तर आता मला छोटंच लिहीत जा, दिवसाउजेडी, चार ओळी. रविवारचंही नको. म्हातारीची अडचण समजून घे.

तुझ्या आईकडे जाऊन आले. दोन बस बदलल्या, गुडघे कुरकुरले. ती कपडे वाळत घालत होती. विचारलं, बये, तेव्हा तुला झोप लागायची का. म्हणाली, आता विचारून काय करतेस. मी चिमटे हातात देत उभी राहिले. बादली रिकामी झाली तेव्हा म्हणाली, नव्हती लागत. मग आम्ही चहा घेतला.

झोपताईचं ऐक. लोभ करायला मी जागी आहे, तू जागू नकोस.
तुझी आजी


ता. २ सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.
मुलगी झाली. नाक तुझं आहे, काय करणार.

रात्रीची एक बाटली हा पाजतो, तेव्हा मला सलग झोप मिळते. मधे दोन दिवस उगाच रडू येत होतं. लगेच झोपताईला सांगितलं, ती येऊन गेली, आता बरं आहे. आई सकाळी येते आणि बाळाला घेऊन मला झोपायला पाठवते.

नवा चष्मा वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. नंबर जुनाच ठेवलाय, कारण तुझे डोळे मीच तपासले आहेत. तेव्हा डोळ्यांचं मला सांगू नकोस.

लोभ आहे हे कळलं, आजी.
खारू


ता. ९ सप्टेंबर

चि. खारूस आणि माझ्या नाकवालीस,
पोटभर आशीर्वाद.

टपालवाली हळहळली, आज पातळच आलंय म्हणून. मी म्हटलं, मला पातळच हवं होतं. सकाळी वाचलं, दुपारी वाचलं, संध्याकाळी शिंप्याला वाचून दाखवलं. झालं की जाड.

रविवारी तुझ्या आईबरोबर येते. दारातनं आधी तुझ्याकडे येईन, बाळ रडत असलं तरी. झोप झाली का विचारीन. खरं उत्तर दे, माझं मन राखू नकोस.

बाळाला तुझी आई घेऊन बसेल, तिला हवं तेवढा वेळ. तुझ्या वेळी तुला माझ्या मांडीवरून कुणी उतरवूच शकलं नाही. या खेपेला मी मांडी रिकामी ठेवून बसेन. जमेल का माहीत नाही, पण बसेन.

उत्तर लिहू नकोस. झोप.
तुझी आजी