नाचाची टेप

फैसल, कैरो
शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

प्रिय निमात,

सलाम. इकडे आम्ही मायलेकी खुशाल, तूही खुशाल असावीस. पोर्ट सुदानचा उकाडा आता तरी उतरला असेल. वीज किती वेळ असते? तुझ्या काकांचा खोकला कसा आहे?

पत्र बघून दचकली असशील. आवाजी निरोप पाठवला असता तर तुझ्या खोलीतल्या आठ बायकांनी तो तुझ्याआधी ऐकला असता. हे पत्र इकडून पोर्ट सुदानला निघालेल्या डॉक्टर हतीमच्या हाती देतेय. पाकिटावर डिंक लावून वरून चिकटपट्टी लावलीय. ती उचकटलेली दिसली तर कळव, हतीमचं काय करायचं ते मी बघते.

आमची रझान बावीसची झाली. दर शुक्रवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या दोन पोरी येतात, फोन टीव्हीला जोडतात आणि नव्या गाण्यांचे व्हिडिओ लावून बसतात. नेहमीचे गवई नाहीत हो. हे सगळे आपापल्या खोलीत बसून संगणकावर ठोके जुळवणारे, ज्यांना कुठली कंपनी दारात उभं करत नाही. पोरींचा नियम असा, की एकदा बघितलेलं परत लावायचं नाही, दर वेळी नवं शोधून आणायचं.

मी त्यांच्यात जाऊन बसायला लागले ती गाण्यासाठी नाही. मुलगी दर आठवड्याला पडद्याकडे बघून हसते, म्हणजे पडद्यात कुणीतरी आहे, एवढं मला कळतं. मी सरळ विचारलं, “यातला तुझा कोण?”

“यम्मा, यातले अर्धे ट्युनिसला आहेत!”

“ट्युनिसला काय विमानं जात नाहीत?”

तर अशी मी पहाऱ्याला बसले आणि काय काय बघितलं! एक ट्युनिसचाच पोरगा अख्खं गाणंभर समुद्राच्या वाळूतून जुना फ्रिज ढकलत नेतो. ठोका असा, की वरच्या मजल्यावर कुणीतरी पातेली आवरतंय. अम्मानची एक मुलगी गाते छान, पण तोंड दाखवत नाही, पाठ करून वेणी घालत बसते. मी म्हटलं, हिच्या बापाला ठाऊक नसणार. आणि एक इथलाच, गच्चीवरच्या कबुतरांच्या खुराड्यात चित्रित केलेला. शब्द एक नाही, नुसता यंत्राचा आवाज वर वर चढत जातो आणि कबुतरं उडतात. तो मात्र मी परत लावायला सांगितला. पोरी म्हणाल्या, नियम मोडतो. मी म्हटलं, टीव्ही माझा आहे. रझान अजून चिडवते, “यम्मा, तुझा सापडला वाटतं!”

हे सगळं तुला का सांगतेय ते आता येतं. गेल्या शुक्रवारी त्यांनी एक लावला. गाणाऱ्याचं नाव नाही, नुसता आकडा, २४९. आपल्या देशाच्या फोनचा. आधी यंत्राचा ठोका आला आणि त्याच्याखालून आपली दलूका ढोलकी. बायकांनी वाजवलेली, अंगणातली. मग चित्र, जुन्या टेपचं, कडेनं थरथरणारं. लाल रेशमी पदर, कपाळावर सोन्याची चंद्रकोर, नवरी नाचतेय. सगळ्या बायकांच्या तोंडांवर मोगऱ्याचं फूल चिकटवलेलं, म्हणून चेहरा एकही दिसत नाही. पण हिरवा तोब अंगाभोवती गुंडाळलेली जी बाई कॉफीचा ट्रे घेऊन मधूनच जाते आणि एक कप पाडते, ती मी आहे निमात. आणि नवरी तू.

दंड उघडे, केस मोकळे! नवरीचा नाच घरच्या बायकांनी बघायचा, आणि तिथे खाली लिहिलंय की चाळीस हजार लोकांनी बघितलाय. तू रिवाजाप्रमाणे नाचता नाचता अंग सोडून देतेस, आणि नवरदेव तुला धरतो. परत सोडतेस, परत धरतो. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

आता मला सरळ उत्तर दे. ती टेप ओमदुरमानच्या घरात पत्र्याच्या पेटीत होती. पेटीच्या किल्ल्या दोन. एक तू गळ्यातल्या साखळीत अडकवून निघालीस, हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दुसरी मागे घरातच राहिली, कुणाच्या खिशात ते तुलाही माहीत आहे. म्हणजे टेप तू आणलीस. आणि तुझ्या काकांच्या मुलाचं पोर्ट सुदानला फोनचं दुकान आहे, जुन्या टेपा उतरवून देतो म्हणे. त्याचं नाव तुझ्या नावाशी जोडलं जातंय हेही माझ्या कानावर आलंय. नवऱ्याच्या दुखवट्याला, इद्दतीत बसलेल्या बाईला असं विचारू नये, कळतं मला. पण विचारतेय. दाराबाहेर पाऊल टाकत नाहीस ना? लोक डोळे लावून बसलेत, आणि त्यांच्यात मीही आहे.

काकांना सलाम. त्यांच्या मुलाला नको.

तुझी वन्सं,
अलविया

*

फैसल, कैरो
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय निमात,

तुझं उत्तर पोचलं. तीनच ओळी. “टेप मी आणली नाही. किल्ली तेवढी आणली. वन्सं, तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या.” असं तू मला पहिल्यांदाच लिहिलंस. मी ते चार वेळा वाचलं आणि मला ते खरं वाटलं, आणि खरं वाटल्यावर मला रात्रभर झोप आली नाही.

सांगते का ते. तू चोर असावीस अशी माझी मनापासून इच्छा होती. तू टेप आणली असशील तर गोष्ट तिथेच संपते, फार तर मी तुझ्याशी जन्मभर बोलले नसते. पण तू आणली नाहीस, तर मग पेटी कुणी उघडली? घरात बाबिकर होता. लढाईतून निघताना आपण सगळ्या गाडीत बसलो तेव्हा माझा भाऊ दारात खुर्ची टाकून बसला होता, म्हणाला, “घर मोकळं सोडलं तर उद्या दारंसुद्धा राहणार नाहीत.” लुटारूंनी पेटी फोडली असेल तर खुर्चीतल्या माणसाचं काय केलं असेल? हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. गेले चौदा महिने मी हे कुठेच लिहिलं नाही आणि बोलले नाही. तुझ्या काकांनी काझीपुढे त्याला मेला ठरवला तेव्हाही मी फोनवर फक्त “बरं” म्हटलं, कारण त्यापेक्षा जास्त बोलायचं तर विचार करावा लागला असता.

मग काल रझाननं तो व्हिडिओ परत लावला. मी नको म्हणत होते. बघता बघता म्हणाली, “मामा काय पकडायचा गं मामीला! एकदाही सुटली नाही.”

“एकदाही?” मी म्हटलं. “अगं, पाचदा आपटली ती! तुमच्या मामाचे हात म्हणजे लोण्याचे. नवरी निसटली की नवऱ्यावर गोल चढला, म्हणून प्रत्येक वेळी नवरीकडच्या बायका ‘गोल! गोल!’ बोंबलायच्या. शेवटी एकदाच कशीबशी धरली.”

आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. निमात, त्या व्हिडिओत एकही गोल नाही. तो शेवटचा एकच झेल उलटसुलट करून दहा वेळा दाखवलाय. चोराला असलं काही कशाला सुचेल? ज्याला टेप उकिरड्यात मिळाली असेल तो आधी तेच दाखवेल, नवरी पडतेय, नवरा तोंड वासून उभा आहे, लोक हसतील. ते पाचही वेळा काढून टाकायची गरज जगात एकाच माणसाला आहे. पंचवीस वर्षं तो त्यावरून चेष्टा ऐकतोय.

रझाननं त्या आकडेवाल्याला लिहिलं. त्यानं आधी उत्तरच दिलं नाही. मग लिहिलं, फक्त बोलेन, लिहून काही देणार नाही. मला तो तेवढ्यानं आवडला. फोन लावला.

“दुसऱ्याच्या बायका पडद्यावर नाचवतोस, तू कोण रे?” मी म्हटलं.

“खाला, सगळ्यांची तोंडं झाकलीत मी.”

“झाकायला कुणी सांगितलं?”

ते टाळून तो म्हणाला, “याआधी दोघींनी फोन केला. एक म्हणाली मी नवरी, एक म्हणाली मी नवरीची आई, आणि दोघींना टेप हवी होती. म्हणून तुम्हालाही विचारतो. नवरदेवाच्या हातून नवरी किती वेळा सुटली?”

“पाच वेळा. तिसऱ्या वेळी तिच्या कोपराला लागलं. चौथ्या वेळी तर तोच तिच्यावर पडला.”

तो हसला. “टेप ज्यांची, ते दोनच म्हणायचे. पाच दिसतात म्हटलं तर म्हणायचे, टेप घासली गेलीय, तेच तेच परत दिसतं.”

मी फोन रझानकडे दिला आणि खालीच बसले. रडले. माझा भाऊच तो निमात, असलं खोटं तोच बोलतो, आणि बोलायला माणूस जिवंत लागतो.

पोराचं नाव मुज्तबा. आता युगांडात असतो. वसंतात तो सुदानातच, कसाल्याला होता, विस्थापितांना शाळेत ठेवलंय तिथे. बाबिकर तिथे भेटला. एक पाय लंगडतो, कांद्याच्या बाजारात पोती मोजायचं काम करतो. फोन नाक्यावर काढून घेतला, त्यातच आपले सगळ्यांचे नंबर. घरातून त्यानं काय आणलं होतं? ना सोनं, ना कागद, पिठाच्या पिशवीत ती टेप. मुज्तबाला संगणकावर ठोके जुळवताना बघून म्हणाला, “माझी भाची दिवसभर असलंच शोधत बसते. यात घाल. ती इजिप्तमध्ये असेल तर तिच्यापर्यंत जाईल.” कुणाचं नाव घालू दिलं नाही, नाव बघून भलतेच येतील म्हणाला. मग दोन दिवस शेजारी बसून एकेक तोंड झाकून घेतलं. “ही माझी मोठी बहीण, हिचं नीट झाक, नाहीतर मला जिवंत सोडणार नाही.”

मुज्तबानं त्याला शेवटचं बघितलं जूनमध्ये. त्यानंतरचं त्याला माहीत नाही. पोरगा खोटंही बोलत असेल. माझा त्याच्यावर पुरता विश्वास नाही, आणि जूनपासून आजपर्यंत त्या मुलखात माणसाचं काय होईल यावर तर मुळीच नाही. म्हणून तुला सांगतेय, तू कसाल्याला जा. पहाटेची बस धर. काकांना आदल्या रात्री सांगू नकोस, बस सुटल्यावर दुसऱ्याच कुणाला कळवायला लाव. इद्दतीतली बाई उंबरा ओलांडून निघाली म्हणून बोलतील. बोलू देत. म्हणावं, वन्संनी पाठवलंय, काय विचारायचं ते त्यांना विचारा. काय उत्तर द्यायचं ते माझं मी बघते.

तो तिथे नसला तर शाळेत विचार, इस्पितळात विचार, बाजारात एकेका हमालाला विचार. आणि तरी नसला, तर परत येऊन बस, मी तुला यापुढे एक शब्द बोलणार नाही.

दुखवट्याचा पांढरा तोब वाटेत अंगावर राहू दे. नाक्यावरचे शिपाई विधवेला फार अडवत नाहीत. पण पिशवीत एक रंगीत घे. कसाल्याला उतरलीस की स्टँडवरच बदल. त्यानं तुला पांढऱ्यात बघता कामा नये.

तुझी वन्सं, बाबिकरची मोठी बहीण,
अलविया