क्वार्टरबॅकची मुलाखत

शारजा, रविवार संध्याकाळ

हमरिया फ्री झोनमधली नोकरी गेली, हे आठवडाभर घरी सांगितलं नव्हतं. आज जेवताना ईशानने, माझ्या मुलाने, अमेरिकन फुटबॉलमधल्या एका निवृत्त क्वार्टरबॅकची मुलाखत लावली. हा गडी भरपूर जिंकला, तरी शेवटी टीमने काढलंच. तेही हसत सांगत होता. हसत! मला जमेल का?

म्हटलं, "मलाही टीमने काढलं."

ईशान हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "पप्पा, आर यू ओके?"

बायकोने, मानसीने, टीव्ही बंद केला. माझ्या ताटात गरम पोळी वाढली.

"म्हणजे उद्या लवकर उठायचं नाही ना? मग सावकाश जेवा."

आठवड्याभरात आज पहिल्यांदाच पोटभर जेवलो.