काथ्याने शिवलेलं गलबत

प्रिय वल्लू,

परवा फोनवर तू एकच विचारलंस, बाबा लग्नाला येणार का, आणि मी लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवला. लाइन चांगली होती. सांगतो, पण माझं तुला माहीतच आहे, चौलहून अलिबागला निघालो तरी मी आधी उलटा रेवदंड्याला जाऊन येणार.

मी अजून माझ्या मित्राच्या, सारंगच्या मरीन परेडच्या फ्लॅटवरच आहे. तो रोज वन-नॉर्थला ऑफिसला निघताना विचारतो, पुढचं काय ठरवलंस, आणि मी रोज चहात साखर घालत बसतो. काम चालू आहे, उभ्या जहाजांना भाजीपाला नि दोरखंड पोचवणाऱ्या लाँचवर. हे सगळं गाव म्हणजे थांबलेली जहाजं गं.

तर इथे नदीकाठच्या म्युझियममध्ये एका बुडालेल्या गलबताचा माल मांडलाय. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीचं अरबी गलबत. चीनमधून वाडगे भरून बगदादच्या खलिफांच्या मुलखाकडे निघालं आणि वाटेत याच बाजूच्या समुद्रात गेलं. वाडगे किती, तर भिंतीच्या भिंती भरल्यात. कुंभार चिनी, पण काही वाडग्यांवर अरबी अक्षरांसारखी वळणं, गिऱ्हाइकाला आपलं वाटावं म्हणून. काचेत गलबताची छोटी प्रतिकृती आहे. खिळा नाही, सगळ्या फळ्या दोरीने शिवलेल्या. मी तिथेच बघत उभा राहिलो असतो, पण मला घेऊन गेलेल्या गृहस्थांना बरंच सांगायचं होतं.

ते म्हणाले, हे लोक वाऱ्याचे गुलाम. एका वाऱ्याने यायचं, उलटा वारा सुटेपर्यंत बंदरात महिनोन् महिने बसायचं. मग खोली घ्यायची, मग नमाजाला जागा करायची, मग कुणाच्या तरी मुलीशी लग्न. इस्लाम कुठे फौजांबरोबर गेला, पण या किनाऱ्यांवर जास्त करून या बसलेल्या माणसांबरोबर आला. पुढे इथून जवळच्याच मलाक्का बंदराचा राजाही मुसलमान झाला. आणि आपलं चौल! सिराफ, ओमान, बसऱ्याचे लोक आपल्या गावात घरं करून राहिले होते, आणि राष्ट्रकूट राजाने त्यांचे तंटे मिटवायला त्यांच्यातलाच एक मुखिया नेमला होता. शाळेत हे शिकवलं असेल तर तेव्हा मी बंदरावर असणार.

मी विचारलं, ज्यांनी चौलात घरं केली, त्यांची बसऱ्यातली पोरं कुणी सांभाळली? गृहस्थ वाडग्यांकडे वळले. तेवढ्यात त्यांच्या तिसरीतल्या मुलीने काचेवर बोट ठेवून विचारलं, दिस रोप इज वॉट? त्यांनी इंग्रजीत सांगितलं नाही, मलायमध्येही नाही. काथ्या, म्हणाले. तसंच, आपल्याकडे म्हणतात तसं. वल्लू, इतकी वर्षं मी तो आवाज विसरलोय असं समजत होतो.

हो, बाबाच. केस पांढरे झालेत, चालणं तेच, डेकवर असल्यासारखं. आई गेल्यावर त्यांनी रोहानाशी लग्न करायचं ठरवलं आणि त्यासाठी मुसलमान झाले, एवढं आपल्याला माहीत होतं. उल्हासकाकांनी पुन्हा गावात पाय ठेवू नकोस असं कळवलं होतं, हे मला आत्ता कळलं. तू दुसरीत होतीस. शैलामावशीच्या ओटीवर बसून रस्त्याकडे बघायचीस, मी चिडवायचो तरी उठायची नाहीस.

रोहाना नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिने माशाचं कालवण केलं होतं, नारळ आणि कसल्यातरी आंबट चकत्या घालून, अगदी आमसुलासारखं. मला रागच आला, इतकं चांगलं झालं होतं. नुरुल, म्हणजे ती मुलगी, जेवताना म्हणाली, युअर सिस्टर, सो माय सिस्टर ऑल्सो, लाह! बाबांनी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

आता तुझं उत्तर. कन्यादान काकांनीच करावं, असं बाबा म्हणतात, मांडवात ते स्वतः वर येणार नाहीत. तिघं येतील, मागे गर्दीत उभे राहतील, अक्षता टाकतील आणि जेवूनही थांबणार नाहीत. पण काकांनी नाही, मी नाही, तू बोलावलंस तरच. हे तुला विचारायचं धाडस त्यांना होईना, म्हणून हे पत्र मी लिहितोय. आता वाऱ्याची अडचण नाही, विमान पाच-सहा तासांत पोचतं. फोन मला करू नकोस. त्यांच्या घरचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. दुपारी नुरुलच उचलते. मराठीत तिला दोनच शब्द येतात, काथ्या, आणि मी शिकवलेला, ताई.

तुझाच, अजून वाटेतच असलेला,
कुशलदादा