धुण्याच्या खोलीतलं टपाल

२ एप्रिल २००५, शनिवार
एकही माणूस आला नाही! इथे न्यूझीलंडात, टिमारूच्या आमच्या गायनमंडळासाठी मर्लने जन्मभर पियानो वाजवला. येत्या अकराला ती कायमची मुलीकडे पर्थला चालली. आणि निरोपाच्या चहाला हॉलमध्ये कोण? ती, मी आणि मी केलेला पाव्हलोव्हा केक! नवी टोपी घालून आली होती. सारखी दाराकडे बघत होती. "कामात असतील रे सगळे," म्हणाली. मी म्हणालो, "कसली कामं! कृतघ्न आहेत मेले." तिचा चेहरा उतरला.
घरी येऊन सगळ्या मंडळाला एक तिखट मेल ठोकली.

३ एप्रिल
कोणाचंच उत्तर नाही. निर्लज्ज!

५ एप्रिल
दुकानात मंडळातली रेलीन दिसली. मी तोंड फिरवलं. ती मागून — "काय रे नेव्हिल, मर्लचा चहा कधी ठेवतोयस? की बाईला तशीच पाठवणार?"
"मेल नाही मिळाली?"
"तुझी? मार्चपासून एकही नाही! आम्हाला वाटलं, कंटाळलास."
खरं सांगायचं धाडस झालं नाही. "ठरवतो," असं पुटपुटून सटकलो.

६ एप्रिल
धुण्याच्या खोलीतला माझा स्वतःचा मेल-सर्व्हर उघडून बघितला. आमंत्रणासकट सगळ्या मेल तिथेच अडकलेल्या! माझ्या घरचा इंटरनेटचा पत्ता सारखा बदलतो. असल्या घरगुती पत्त्यांवरून स्पॅमचा चिखल येतो, म्हणून मोठ्या मेलवाल्यांनी आम्हाला सरसकट दारं लावलीत. "नंतर या" म्हणून परतवतात, आणि माझा सर्व्हर बिचारा पुन्हा पुन्हा जातो. महिनाभर हटायचं नाही, असं मीच त्याला बजावलेलं. मंडळात केवढा मिरवायचो — "माझी मेल घरून जाते, कंपनीच्या पाया पडत नाही!" झाली शोभा.
आणि कृतघ्न त्यांना म्हणालो! मर्लसमोर! स्वतःचीच लाज वाटते. तिला सांगायला फोन उचलला. ठेवून दिला.
ती तिखट मेलही अडकलीय, तेवढंच नशीब.

७ एप्रिल
नाक मुठीत धरून माझी मेल इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवायची सोय केली. चालू करून चहा टाकायला गेलो. परत येऊन बघतो तर — अडकलेलं सगळं सुटलेलं! आमंत्रण गेलं, मागोमाग ती तिखटसुद्धा! ती आधी पुसायची, एवढं साधं सुचू नये?

८ एप्रिल
फोन वाजतोय. उचलत नाही. कुठल्या तोंडाने बोलू?

९ एप्रिल, शनिवार
रेलीनने दार बडवलं. "हॉलची किल्ली तुझ्याकडे, आणि तू घरात लपून बसलायस? सगळे थाळ्या घेऊन ताटकळलेत!" आमंत्रणात मी नुसतं लिहिलं होतं — शनिवारी दोन वाजता, प्रत्येकाने एक पदार्थ आणावा. तारीख घातलीच नव्हती.
हॉलच्या पायरीवर मर्ल, तीच टोपी घालून. मी काही बोलायच्या आत माझा दंड धरला. "यांना तुझ्या मेल परवाच मिळाल्या म्हणे. आणि तुझं ऐकून आठवडाभर मी यांच्यापैकी कोणाशी बोलले नाही रे. चल आत. माफी दोघांनी मागायचीय."