सीटखालची पेटी

प्रिय ढम्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन केला असता तर "कामात आहे गं ताई" म्हणून तू मला दोन मिनिटांत कटवलं असतंस, आणि मला तर खूप काही सांगायचंय. हाताला अजून फेविकॉलचा वास येतोय आणि मी इतकी खूश आहे की अक्षर वेडंवाकडं येतंय. सांभाळून घे.

तर, बाबांच्या अंड्यांच्या व्हॅनमध्ये मी सबवूफर बसवला. होय, आपल्याच बाबांच्या! गेल्या महिन्यात ते आमच्या गाड्यांना स्पीकर बसवायच्या वर्कशॉपमध्ये आले, गिऱ्हाइकासारखे बाकावर बसले आणि मालकीणबाईंना म्हणाले, "गाडीत जाड आवाज नीट ऐकू येईल असं काहीतरी बसवा. पण अंड्यांचा एकही ट्रे कमी होता कामा नये." मी आत फळी कापत होते, करवत हातात तशीच राहिली. ज्या माणसाने गाडीत एरवी बातम्यांपलीकडे काही लावलं नाही, त्याला सबवूफर कशाला? विचारलं तर म्हणाले, "तू पेटी कर, चौकशा नकोत."

जागेचा सगळा आनंदच. मागे छतापर्यंत ट्रे, शेजारच्या सीटवरही ट्रे. राहिली ती शेजारच्या सीटखालची वीतभर फट. पेटीचं तोंड पुढे करावं तर समोर लोखंडी पट्टी, वर करावं तर सीटच्या स्प्रिंगा, बाजूला करावं तर जॅक. मालकीणबाई म्हणाल्या, एखादी तयार डबी टाक आणि मोकळी हो. पण मी हट्टाला पेटले. एका दुपारी व्हॅनमध्ये पालथी पडून टॉर्च मारत होते आणि एकदम सुचलं, की तोंड खालीच केलं तर? चपटा स्पीकर, जमिनीकडे बघणारा, आणि पेटीला चार बुटके पाय. आवाज तळाच्या पत्र्यावर आपटून गाडीभर पसरणार, शिवाय कुणाचा बूट लागायची भीती नाही! मी अशी ओरडले की बाबांना वाटलं माझं डोकं फुटलं.

आमच्याकडे आधी पुठ्ठ्याची पेटी करतात, तुला माहीत आहे. ती सीटखाली ठेवून बाबा दोन दिवस अंडी पोचवत फिरले. सीट मागे-पुढे सरकताना कुठे घासत नाही हे बघूनच मी लाकडाला हात लावला. आणि तरी माती खाल्लीच! मापं घेताना रबरी मॅट काढून ठेवली होती, ती मोजायची राहिली. मी पेटीचे पाय पत्र्याला बोल्टने आवळले आणि बाबांनी, टापटिपीचे ना ते, मॅट पायांपुरती कापून स्पीकरखाली नीट सारून दिली. झालं! तोंडावर उशी धरून बोलावं तसा आवाज. मॅट काढायला बाबा तयार होईनात, मग पायच अंगठाभर उंच केले. ते नवे पाय तुझ्या सरावाच्या स्टुलाचे कापलेत. चिडू नकोस, ते डुगडुगतच होतं.

काल चाचणी. बाबांनी आधी सीटवर तीस अंड्यांचा ट्रे ठेवला आणि मग खिशातून तुमच्या बँडची सीडी काढली. दोन वर्षांपूर्वी तू मोठ्या हौसेने दिलेली, तीच. याच व्हॅनमध्ये ती ऐकून ते म्हणाले होते, "तुझ्यावाचून यांचं काही अडत नाही. तू नसतास तरी गाणं असंच झालं असतं." आणि तू बेस गिटार उचलून घर सोडलंस. मीही तेव्हा बाबांशी आठवडाभर बोलले नाही. पण ढम्या, मी रोज हेच काम करते आणि मला कधी सुचलं नाही, की व्हॅनच्या दारातल्या त्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून तुझ्या जाड तारा बाहेरच येत नव्हत्या! बाबांना ते एका दुकानात कळलं. तिथल्या मोठ्या स्पीकरवर तुमचं गाणं लागलं होतं. हातात ट्रे घेऊन ते शेवटपर्यंत उभे राहिले आणि दुकानदाराला विचारलं, हे खालून काय वाजतंय? तो म्हणाला, बेस गिटार.

काल तू वाजायला लागलास आणि मॅटमधून तळपायांना थरथर जाणवली, तसे बाबा स्वतःच्या पायांकडे बघायला लागले. म्हणाले, "हा बघ, आला!" तू मध्ये थांबतोस ना, तिथे बोट वर करून म्हणाले, "आता गेला. बघ, गाणं कसं पोकळ झालं." सात वेळा लावलं. अंडी ट्रेमध्ये थरथरत होती, पण एकही फुटलं नाही. बाबांनी काच पुसायच्या फडक्याने डोळे पुसले.

हे पत्र त्यांनीच लिहायला लावलंय. "मी चुकलो" हे त्यांना फोनवर सांगायचं नाहीये, समोर बसून सांगायचंय. रविवारी दहाला ते तुझ्या इमारतीखाली येतील. हॉर्न वाजवणार नाहीत, तुझंच गाणं लावतील. तू खाली आला नाहीस तर गाणं संपल्यावर निमूट परत जाईन म्हणालेत, आणि ते खरंच तसं करतील, म्हणून माझा जीव खालीवर होतोय. एक ट्रे कमी करायला तयार नसलेल्या माणसाने कालपासून शेजारची सीट रिकामी ठेवलीय रे. जा खाली. आणि बसलास की चपला काढून पाय मॅटवर टेकव.

तुझीच,
स्टूल कापणारी ताई