पट्टीखालचं बटण

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचे! वाद्यवृंदाच्या तालीमघरात फोटोग्राफर म्हणून आज रुजू झालो. वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या, काचेच्या दाराची गॅलरी, भरपूर उजेड. बायको खूश. लेक सहा वर्षांची, अजून अक्षरओळखही धड नाही, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. आल्या आल्या गॅलरीत पळाली, बाहेरून कडी घातली आणि काचेतून मला वेडावत बसली.

कॅमेरा संस्थेचा. यंत्र अव्वल, पण निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या फोटोग्राफरने सायलेंट मोडच्या बटणावर चिकटपट्टी मारून ठेवलीय. आवाज कधी बंद करू नकोस, असं त्याने मला तीनदा बजावलं. ऐन तालमीत खाड् खाड् शटर वाजवत हिंडायचा हा! अशा माणसाला तीस वर्षं पोसलं, धन्य ती संस्था. पट्टी मी नखाने खरवडून काढली.

५ तारीख, बुधवार

सायलेंट मोड म्हणजे काय चीज आहे, हे या मंडळींना ठाऊकच नाही. आतला पडदा हलत नाही, त्यामुळे आवाजच नाही. व्हायोलिनवाल्या बाईंपासून हातभर अंतरावर उभं राहून चाळीस फोटो काढले, बाईंना पत्ता नाही. मग संचालकांचे. पोट सावरत हातवारे करणारा हा गृहस्थ फोटोत तरी कलावंत दिसला, हे माझेच उपकार.

६ तारीख, गुरुवार

बाईंचं व्हायोलिन वाजेना. तारा बदलल्या, गज बदलला, तरी नाही. मग बाई रडल्या, तेही नुसतं तोंड उघडून. संचालक त्यांच्यावर खेकसायला गेले, तर त्यांच्याही घशातून काही निघेना. टाळी वाजवली, तीसुद्धा मुकी. सगळे म्हणतात घशाची साथ आलीय. टाळीला कसला आलाय घसा? एकेक नमुने भरलेत इथे. मला हसू आवरेना.

८ तारीख, शनिवार

दुपारी लेक झोपली होती. तोंड मिटलेलं, म्हणजे दुर्मीळच क्षण. शटर वाजलं असतं तर उठली असती. एकच फोटो काढला, बिनआवाजी. सुरेख आलाय.

९ तारीख, रविवार

लेक सकाळपासून बोलतेय. नुसते ओठ हलतात. बायको म्हणते नाटकं करतेय. लेकीच्या हातून स्टीलचं ताट पडलं. काही नाही. जिन्यावर उड्या मारल्या. काही नाही.

म्हाताऱ्याला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं, कुणाकुणाचे काढलेस. म्हणाला, त्या कॅमेऱ्याला दर फोटोला आवाज लागतो. स्वतःचा करू दिला नाही, तर समोरच्याचा घेतो. फोटो पुसून उपयोग नाही. परत हवा असेल तर बदल्यात कुणीतरी आपला द्यायचा. मी त्याला मूर्ख म्हणालो. म्हणताना माझाच आवाज कापत होता.

१० तारीख, सोमवार

लेक घाबरलीय. माझ्या कुशीत रडते, आणि मला ते ऐकू येत नाही. आग लागो माझ्या शहाणपणाला. कॅमेरा घेऊन आरशासमोर उभा राहिलो. आवाज बंदच ठेवला. दाबलं —

तिने बाबा म्हणून हाक मारली. ऐकू आली! मी ओ दिली. तिने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा ओ दिली. तिने पुन्हा —

सोमवार, दुपार

बायको बाजारात. लेक गॅलरीत — बाहेरून कडी — कॅमेरा तिच्याकडे. गाणं म्हणतेय, मोठमोठ्याने. बटण अजून तसंच, मी मूर्खाने ते —

काच बडवतोय. आवाज नाही. खुर्ची मारली, फुटत नाही. ती वेडावतेय, तिला वाटतं खेळ —

हे पान काचेला लावून दाखवतो —

खाली ठेव

ठेव

बघितलं तिने. हसली. तिला वाचता कुठे — भिंग स्वतःकडे वळवलं — बोट —