दोन्ही पंखांवरचा फाटा

साओ पाउलो, मंगळवार

बाबा,

आधी आशीर्वाद द्या, मग बाकीचं.

मी बरी आहे. इथे थंडी आहे, पण आईची शाल पुरते. तुम्ही पाठवलेला गूळ पुरवून पुरवून खाते.

तुम्ही खाणीतल्या दगडातून छिन्नीने सोडवलेला तो जाळीदार पंखांचा जीवाश्म किडा नव्याच जातीचा आहे. त्याच्या पंखातल्या तिसऱ्या शिरेला टोकाशी दोनदा फाटा फुटतो. असा फाटा दुसऱ्या कुठल्याच किड्याला नाही. पण प्रोफेसर ओताविओ सगळ्यांदेखत म्हणाले, "ही शीर कसली? खाणीतल्या कुणा धसमुसळ्याची छिन्नी घसरलीय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, छिन्नी दोन्ही पंखांवर एकाच जागी, एकाच मापाने घसरते होय? आणि तो धसमुसळा माझा बाप आहे. चाळीस वर्षांत त्याचा हात घसरलेला नाही!" (तुम्हाला 'बाप' म्हटलं, रागावू नका.)

ते अजून मानत नाहीत. न मानोत. चित्र मी काढलंय, लेखही मीच पाठवणार.

आई लिहिते, हल्ली तुमच्या हातून कॉफी सांडते. खरं का? डॉक्टरकडे जा, टाळू नका.

खरं असलं तरी किडा सोडवलात त्या दिवशी तुमचा हात स्थिर होता, आणि ते मी छापून आणणारच.

तुमचीच हट्टी,
दामियाना